डोंगरातल्या एअरपोर्टवर हवा स्वच्छ असतानाही पायलट विमान परत का नेतात? मागचं विमान तर उतरलं होतं

तुम्ही विचारलंय की डोंगरातल्या एअरपोर्टवर विमान उतरवणं खरंच एवढं अवघड असतं का, आजच्या जमान्यात ऑटोपायलटला ते का जमू नये, आणि मग शेवटी हळूच एक ओळ सोडून दिलीय, "आमच्या मागून आलेलं विमान तर आरामात उतरलं, मग आमचा पायलट नवशिका होता का?" पहिल्या दोन गोष्टींवर इथे कुणीही लिहील. मी लिहायला बसलो तो या शेवटच्या ओळीमुळे, कारण हेच वाक्य मी गेली तेरा वर्षं माझ्या साडूच्या तोंडून ऐकत आलोय, शब्दसुद्धा तेच, फक्त तुम्ही नवशिका म्हणता तिथे तो घाबरट म्हणतो.

तर आधी ती गोष्ट सांगतो, मग तुमचं बघू.

मी तेव्हा एअरबसच्या ए-३२० वर को-पायलट होतो. (पुढे कॅप्टन झालो, मग मेडिकल गेलं, म्हणजे तपासणीत उडवायला अनफिट ठरलो, आता सिम्युलेटरवर पोरांना शिकवतो.) कंपनीचं आणि एअरपोर्टचं नाव घेणार नाही, त्यातले काहीजण अजून नोकरीत आहेत, ओळखणारे ओळखतील. दहा हजार फुटांच्या आसपासचं एअरपोर्ट, दरीत, आणि एका टोकाला डोंगर असा उभा की उतरायचं एकाच बाजूने आणि निघताना तोंड फिरवून आलो त्याच बाजूने बाहेर पडायचं. सपाटीवर वारा फिरला की रनवेची बाजू बदलतात आणि विषय संपतो, इथे वारा कुठूनही येवो तुमची दिशा ठरलेली. म्हणून तिथे सगळे पहाटे निघून सकाळी लवकर पोचतात. ऊन चढलं की डोंगरांचे उतार तापतात, हवा दरीतून वर सरकायला लागते आणि ती नेमकी तुमच्या शेपटीकडून येते.

आमची फ्लाइट निघायची होती सव्वासहाला, धुक्यामुळे निघाली आठ वाजून गेल्यावर. हे लक्षात ठेवा, सगळं इथूनच सुरू होतं. मागे साडू, मेव्हणी आणि त्यांची दोन पोरं. उजव्या बाजूची विंडो मीच शब्द टाकून मिळवून दिलेली, पोरांना बर्फ दिसावा म्हणून. त्या विंडोची किंमत मी अजून फेडतोय.

दरीत शिरलो तेव्हा हवा काचेसारखी स्वच्छ होती. ढग नाही, धुकं नाही, रनवे लांबूनच समोर दिसत होता. साडू म्हणतो ते शंभर टक्के खरं आहे, त्याला रनवे दिसत होता, मलाही दिसत होता. कॅप्टन स्वतः उडवत होते, तिथे लँडिंग कॅप्टननेच करायचं असा आमच्याकडे नियम होता, माझं काम आकडे वाचून दाखवायचं. ए-३२० मध्ये समोरच्या नकाशाच्या स्क्रीनवर वर डाव्या कोपऱ्यात जमिनीवरचा वेग असतो, हवेतला वेग असतो आणि खाली वारा, आणि वाऱ्याशेजारी एक छोटासा हिरवा बाण. मी त्या बाणाकडे बघत होतो. तो पाठीमागून येऊन सरळ आमच्या नाकाकडे टोक करून होता आणि आकडा होता १८.

"टेलविंड अठरा," मी म्हणालो, म्हणजे पाठीमागून येणारा वारा अठरा नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). सर, म्हणजे कॅप्टन, नुसतं "हं" म्हणाले. खाली येताना वारा बहुतेक वेळा कमी होतो, त्यामुळे तेवढ्यावरून कुणी काही ठरवत नाही. आकडा १४ झाला. मला बरं वाटलं. मग १९. मग १६, मग परत १९. सरांनी मला टॉवरला विचारायला सांगितलं, टॉवर म्हणाला नऊ नॉट. उतरताना टेलविंडची लिमिट दहाची. मी म्हणालो, "नऊ सर, लिमिटच्या आत आहे." पुढे दरी वळते तिथे एक ठरलेली जागा होती, आम्ही तिला गेट म्हणायचो. गेटच्या आधी काहीही बिघडलं तरी वळून बाहेर पडता येतं. गेट ओलांडलं आणि मग एक इंजिन गेलं तर समोरच्या डोंगरावरून चढून जायची ताकद विमानात उरत नाही, मग उतरायचंच. आम्ही गेटच्या तीन-चार मैल अलीकडे होतो. सर म्हणाले, "परत जाऊ." आवाज चढलेला नाही, काही नाही. इंजिनांचा जोर वाढवला, "गो-अराउंड, फ्लॅप्स," (गो-अराउंड म्हणजे उतरणं सोडून परत वर चढणं), मी पंखांचे फ्लॅप्स घेतले, चढतोय बघून चाकं वर, आणि आम्ही दरीतच वळून बाहेर.

बाहेर पडताना रेडिओ त्याच टॉवरवर होता. दुसऱ्या कंपनीचं विमान आमच्या मागून दरीत शिरलं आणि दहा मिनिटांनी उतरलं. आम्ही दोघांनी ऐकलं. कुणी काही बोललं नाही.

तासाभराने जिथून निघालो तिथेच परत. मी गणवेशात बाहेर आलो तेव्हा साडू सामानाच्या पट्ट्यापाशी फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अहो दिसत होतं सगळं, मागचं उतरलं, यांचंच नाही उतरलं." यांचंच म्हणजे माझं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो, नाहीतर म्हणाल नुसतीच कथा सांगितली.

पायलट डोंगरात रनवे दिसतोय का एवढंच बघत नाही, वेग बघतो. दहा हजार फुटांवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण पाव हिस्सा पातळ असते. पंखांना ते कळतं, म्हणून स्पीडच्या काट्यावर नेहमीसारखेच १४० नॉट दिसतात, पण त्या पातळ हवेतून विमान खरं पळत असतं १६५ नॉटने. त्यात आमचे शेपटीकडचे १८ मिळवा, जमिनीच्या हिशोबाने १८३. नेहमीच्या ३ अंशाच्या उतारावर राहायला वेगाला पाचाने गुणायचं हा आमचा ढोबळ हिशोब, म्हणजे खाली समुद्रकाठच्या एअरपोर्टवर मिनिटाला ७०० फूट उतरलं की भागतं, तिथे ९१५ लागतात. बहुतेक कंपन्यांत १००० च्या वर गेलात की अप्रोच, म्हणजे रनवेकडे उतरत येणं, स्टेबल नाही, सोडून द्या. म्हणजे आम्ही काठावरच होतो, आणि झुळूक आली की गेलोच काठाबाहेर. ब्रेकला जी ऊर्जा जिरवायची ती वेगाच्या वर्गाने वाढते, १४० आणि १८३ मध्ये ती जवळपास पावणेदोन पट होते. रनवे तेवढाच. वळायलाही जागा जास्त लागते, २५ अंश कललेलं विमान १४० ला साधारण १.१ किलोमीटरच्या त्रिज्येत वळतं, १६५ ला १.६. अर्धा किलोमीटर कमी-जास्त म्हणजे मोकळ्या आकाशात काहीच नाही, दरीत तो समोरचा कडा असतो.

आणि इंजिनांनाही तीच पातळ हवा खायची असते, त्यामुळे परत चढायचं म्हटलं तर जोर कमी. गेट लागतं ते त्यामुळे.

बाकीचे त्रास भराभर सांगतो. डोंगरमाथ्यावरून वाहणारा वारा पलीकडच्या बाजूला लाटेसारखा खाली कोसळतो, ऑस्ट्रियात इन्सब्रुकला असा डोंगरावरून उतरणारा फॉन वारा सुटला की भल्याभल्यांना घाम फुटतो. चढावाचा रनवे समोर असला की डोळे फसवतात, आपण फार उंच आहोत असं वाटतं आणि माणूस नकळत खाली खाली येतो. कडाक्याच्या थंडीत अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, खोटं बोलतं. तापमान ठरलेल्या प्रमाणापेक्षा जेवढं कमी, त्यातल्या दर दहा अंशांमागे साधारण चार टक्के जास्त उंची दाखवतं. म्हणजे वीस अंश जास्त गारठा असेल तर एअरपोर्टच्या वर ३००० फूट दिसताना खरे असतात २७६० च्या आसपास. ते २४० फूट कुठल्यातरी टेकडीचे असू शकतात.

काठमांडूचं घ्या. रनवेच्या दक्षिणेला डोंगराची रांग आडवी आहे, त्यामुळे जुना अप्रोच पायऱ्यांचा, इतक्या मैलांवर इतकी उंची, मग पुढची पायरी. २८ सप्टेंबर १९९२ ला पाकिस्तानच्या पीआयएचं एअरबस ए-३०० तिथे येत होतं. विमान ठणठणीत होतं, इंजिन चालू, कुणी घाबरलेलं नाही. ते फक्त एक पायरी आधी उतरत गेलं. १६७ माणसं गेली. दोनच महिने आधी, ३१ जुलैला, थाई एअरवेजचं ए-३१० काठमांडूच्याच उत्तरेला डोंगराला धडकलं होतं, त्यात ११३. आमच्या धंद्यात याला सीफिट म्हणतात, चांगलं चालणारं विमान पायलटच्या ताब्यात असताना जमिनीत घालणं. होमी भाभांचं विमानही असंच गेलं, जानेवारी १९६६, जिनिव्हाला उतरायला येताना माँ ब्लाँवर. रडारवाल्याने सांगितलेली जागा आणि कॅप्टनला समजलेली जागा यात फरक पडला, त्याला वाटलं शिखर मागे पडलं. लोक अजून त्यात कारस्थानं शोधतात, असो.

ऑटोपायलटचं. तो उतरवतो हो, धुक्यात रनवे न दिसतासुद्धा उतरवतो, पण त्याला समोरून सरळ येणारा आयएलएसचा, म्हणजे रनवेपाशी बसवलेल्या यंत्रणेचा, रेडिओ सिग्नल लागतो आणि सरळ यायला जागा लागते. दरी सरळ नसेल तर तो सिग्नल देणार कुठून? भूतानमध्ये पारोला म्हणूनच दिवसाउजेडी डोळ्यांनी बघत डोंगरांमधून वळसे घेत उतरतात. यावर उपाय निघाला आहे, उपग्रहाच्या मदतीने वाकडा रस्ता आखायचा आणि विमान त्या रस्त्यावर ठेवायचं. अलास्का एअरलाइन्सने १९९६ मध्ये अलास्कातल्या जुनोला ते करून दाखवलं. चांगलीच गोष्ट आहे. पण मशीन तुम्ही सांगता तेच करतं. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गजवळ जानेवारी १९९२ मध्ये ए-३२० डोंगरात गेलं, ८७ मेले. चौकशीत पुढे आलेलं सगळ्यात शक्य कारण असं की पायलटांना ३.३ अंशांचा उतार द्यायचा होता आणि बटण दुसऱ्या मोडमध्ये राहिलं म्हणून विमानाने मिनिटाला ३३०० फूट घेतले, स्क्रीनवर दोन्ही जवळपास सारखंच दिसायचं. डिसेंबर १९९५ ला कोलंबियात कालीला अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये आर एवढं एकच अक्षर टाकलं, कॉम्प्युटरने रोझो नावाच्या रेडिओ-खुणेऐवजी बोगोटाजवळची रोमिओ उचलली आणि रात्रीच्या अंधारात विमान डोंगराकडे वळवलं. धोक्याचा आवाज आल्यावर त्यांनी खेचलं खरं, पण स्पीडब्रेक, म्हणजे वेग कमी करायला पंखांवर उघडतात त्या झडपा, उघडेच राहिले होते. १६३ पैकी ४ वाचले. आणि ते विमानही मायामीहून दोन तास उशिरा निघालेलं, म्हणून टॉवरने सरळ या म्हटल्यावर घाईत हो म्हणून बसले. २०१५ ला काठमांडूलाच टर्किश एअरलाइन्सचं ए-३३० धुक्यात रनवेवरून घसरलं, तिथे उपग्रहाचाच अप्रोच होता, फक्त विमानाच्या डेटाबेसमध्ये रनवेचं टोक चुकीच्या जागी नोंदवलेलं होतं. सगळे वाचले. मशीनबद्दल एवढं पुरे.

आता मागचं विमान.

टॉवर जो वारा सांगतो तो रनवेजवळच्या खांबावरचा, गेल्या दोन मिनिटांची सरासरी. आम्ही होतो काही मैल अलीकडे आणि हजार-दीड हजार फूट वर. तो नऊ खरा होता आणि आमचा अठराही खरा होता. दहा मिनिटांत दरीतला वारा पडतो, परत सुटतो, ज्याने कधी दरीच्या तोंडाशी उभं राहून बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको. मागच्या विमानात माणसं किती, इंधन किती, वजन किती, त्यांना बाणात काय दिसलं, यातलं काहीही साडूला माहीत नाही, मलाही माहीत नाही. त्याला माहीत असलेली गोष्ट एकच, ते उतरलं. हा माणूस घाटात वळणावर ओव्हरटेक करतो आणि समोरून काही आलं नाही की म्हणतो, बघ, म्हटलं होतं ना. त्याच्याशी वाद कसा घालायचा?

मंगळूर, २२ मे २०१०. डोंगर कापून केलेला टेबलटॉप रनवे, ७३७ फार उंचावरून आणि फार वेगात आलं, को-पायलटने गो-अराउंड म्हणून बोलून दाखवलं तरी कॅप्टनने रेटलं, विमान पलीकडच्या दरीत. १५८ गेले, ८ वाचले. त्या दिवशी कॅप्टनने ऐकून परत घेतलं असतं तर अर्ध्या तासाने ते उतरले असते आणि मागे बसलेल्यांपैकी कुणीतरी नक्की म्हणालं असतं, काय हा पायलट, एवढा स्वच्छ रनवे समोर असताना. विमान परत नेणाऱ्याचं बरोबर होतं हे कधीच सिद्ध होत नाही हो, सिद्ध होतं ते फक्त न नेणाऱ्याचं चुकलं तर.

थोडं मागेही येतो, नाहीतर कॉमेंटमध्ये कुणी धरेल. प्रत्येक परत फिरणं शहाणपणाचंच असतं असं मी म्हणत नाही. कधी पायलटने आधीच उंची नीट मॅनेज केलेली नसते आणि मग गो-अराउंड करावा लागतो, ती त्याचीच चूक असते, फक्त ती त्याने वेळेत कबूल केलेली असते. आणि डोंगरात गो-अराउंड म्हणजे सुरक्षित असंही नाही, गेटच्या पुढे तोच जास्त धोक्याचा. नवशिका म्हणाल तर अशा एअरपोर्टवर कॅप्टनला वेगळं ट्रेनिंग आणि वेगळी परवानगी लागते, कालचा पोरगा तिथे कॅप्टन म्हणून बसूच शकत नाही. तुमच्या फ्लाइटला नक्की काय झालं हे मला इथे बसून सांगता येणार नाही. तक्रार करायचीच असेल तर उशीर का झाला त्याची करा, परत का फिरलात याची नको. आणि पुढच्या वेळी सकाळची पहिली फ्लाइट घ्या, दुसरी नाही, तिकीट महाग पडलं तरी.

एक राहिलं. परत आल्यावर क्रू रूममध्ये मी गप्प होतो, आणि खरं सांगायचं तर फुगून बसलो होतो. मला वाटत होतं आपण उतरलो असतो. नऊ होता, दहाच्या आत होता, मागचं उतरलं, अगदी हेच सगळं माझ्या डोक्यात चाललेलं, साडूच्या तोंडून ऐकायच्याही आधी. सर चहा घेत होते. त्यांना कळलं असावं. म्हणाले, "तू मला दोन आकडे दिलेस. बाण तू स्वतः बघून वाचलास, चार-पाचदा. नऊ तुला दुसऱ्याने सांगितला." एवढंच बोलून त्यांनी ड्युटीचा कागद पुढे ओढला आणि वेळा भरायला लागले. मी पुढे कॅप्टन झाल्यावर दोनदा तशाच दरीतून परत फिरलो, दोन्ही वेळेला मागचं विमान उतरलं, आणि दोन्ही वेळेला उजवीकडच्या सीटवरच्या को-पायलट पोराचं तोंड माझ्यासारखंच वाकडं झालेलं मला दिसलं.

साडूला मी तेरा वर्षं सांगतोय की सरांचा निर्णय बरोबर होता. त्या दिवशी मीही उतरायच्याच बाजूने होतो हे मात्र अजून सांगितलेलं नाही. तो या साइटवर नसतो म्हणून इथे लिहिलं.